न्कोनेचं कातडं

न्कोने माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. गावानं मागाहून पुष्कळ काही जोडलं, त्यात खरं तेवढंच. गाय तोलोची. डोंगराच्या वरच्या धारेवर राहणारा म्हातारा, चाळीस-पंचेचाळीस गुरांचा धनी. आमच्यात एकाकडं गुरं जास्त झाली नि दुसऱ्याचा गोठा रिकामा असला, की पहिला दुसऱ्याला एखादी गाय सांभाळायला देतो. दूध तुझं, शेण तुझं, गाय त्याची. मेली तर निरोप घेऊन जायचं आणि सोबत कातडं न्यायचं. कातडं पुढ्यात टाकलं की बोलणं संपलं. कातडं नसेल तर तू गाय विकलीस, नाहीतर खाल्लीस. मग तुझ्या दारात पुन्हा कुणी शेळीसुद्धा बांधत नाही.

माझा नवरा ज्वारा गेला त्याला सहा वर्षं झाली. खाणीतली धूळ छातीत भरून घरी आला नि दोन हिवाळ्यांत आटोपला. आजारपणात तीन गुरं गेली, उरलेला बैल त्याच्याच मयतीला कापला. मुलगा मखुसेली केपटाऊनला. दर रविवारी फोन करतो नि दर रविवारी घाईत असतो. मुलगी समुद्राकडं दिलेली. वर्षभर मी नि सहा कोंबड्या. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर माणूस चुलीशीही भांडायला लागतं. मी भांडायची.

मग तोलोनं न्कोने पाठवली. "ज्वाराच्या गोठ्यातलं शेण वाळून गेलंय, हे बरं दिसत नाही," असा निरोप होता. तपकिरी गाय, मानेपासून शेपटापर्यंत पाठीवरून पांढरा पट्टा, डाव्या कानाला दोन खाचा, तोलोची खूण. आली तीच रुसलेली. दोन दिवस वैरणीला तोंड लावेना. मी म्हटलं, "रुसायला नवरा लागतो बाई, इथं कुणाचाच नाही." तिसऱ्या दिवशी खायला लागली. त्यानंतर चार वर्षं, दिवसाकाठी मी जेवढं बोलायची त्यातलं निम्मं तिच्याशी.

त्या हिवाळ्यात ती गाभण होती. ऑगस्टात व्यायची होती. तोलोनं कापणीच्या वेळी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माडलोमो, या खेपेचं वासरू तुझं." साठी उलटल्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं पहिलं जनावर. मी त्याचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं, पण ते आता सांगणार नाही.

आता गोठ्याचं सांगते. आमचा गोठा घराच्या वरच्या अंगाला. छप्पर नाही, छातीएवढ्या दगडी भिंतीचं गोल रिंगण, तोंडाशी आडवे चार वासे. तो घरच्या पुरुषांचा नि त्यांच्या पूर्वजांचा. लग्न होऊन आलेली बाई त्यात पाय टाकत नाही. ज्वाराला त्याच्या भिंतीलगतच पुरलंय. मी धार काढायची तीही गाय बाहेर बांधून. रोज संध्याकाळी शेजारचा झिझी येई, वासे काढी, पुढं होऊन शीळ घाली, न्कोने त्याच्यामागं आत जाई, की हा वासे लावून माझ्या चुलीशी. एक वाडगा आंबट दूध, ही त्याची मजुरी. लोक म्हणत, "माडलोमो, तू आता म्हातारी झालीस, तुला कोण विचारतंय?" मी म्हणे, "मीच विचारते ना मला."

एक आठवण आहे. मी नवी नवरी होते. गोठ्यात सासरा नि दिरांबरोबर ज्वारा भिंत रचत होता, नि मी डोक्यावर पाण्याची बादली घेऊन, नवरीनं मागून वळसा घ्यायचा असतो तो सोडून, सरळ गोठ्याच्या तोंडासमोरून गेले. ऊन फार होतं. पाठमोरे होते सगळे, एकट्या ज्वारानं पाहिलं. पाहिलं, आणि गपकन तोंड फिरवून दगड निवडायला लागला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "मी कुठं काय बघितलं?" असा होता माझा माणूस.

जूनमधला शुक्रवार होता. जून म्हणजे आमच्याकडं भर हिवाळा, नदीला घोट्याएवढं पाणी. मका काढून झाला की सगळ्या गावाची गुरं नदीकाठच्या मळईत धसकटं खायला मोकळी सोडतात. राखायला कुणी जात नाही. हिवाळ्यात नदी काय करणार? झिझी आदल्या दिवशी नदीपलीकडं मयतीला गेला होता. जाताना म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत येतो." झिझीची दुपार कोणत्या दिवशी होईल ते सांगता येत नाही, पण मी म्हटलं, ठीक.

सकाळीच वारा दक्षिणेकडून फिरला. वरचे डोंगर पांढरे झाले. मग पाऊस, पाऊस कसला, बर्फाचे खडे मिसळलेलं पाणी, ते आडवं. दुपारी मी घोंगडी पांघरली, दोर घेतला नि मळईत उतरले. नदी तांबडी झाली होती नि तिचा आवाज चुकीचा होता. जूनमधला नव्हता तो. ज्यांच्या घरी माणसं होती त्यांची गुरं घरी गेली होती. पाचसहा उरलेली, वाऱ्याकडं ढुंगण करून उभी. त्यांत न्कोने, पोट एवढं मोठं.

"चल गं," मी म्हटलं, "राणीसाहेबांना न्यायला आलेय."

चढाला दोनदा घसरले. दोरानं तळवा सोलला. तिचं पोट हलत होतं, आत वासरू फिरत होतं ते मला दिसत होतं. गोठ्याशी आलो. वासे मी बाहेरूनच ओढून काढले. आत चिखलपाणी झालेलं. न्कोने तोंडाशी थांबली ती थांबलीच.

मागून ढकललं. आत मक्याची ताटं फेकली. झिझीसारखी शीळ घालायला गेले. दात नसल्यावर शीळ कसली, नुसती थुंकी उडाली. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पुढं कुणीतरी जायला हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं. चार पावलं कुणी पुढं गेलं असतं, तर ती मागं आली असती.

मी उंबऱ्याच्या दगडावर एक पाय ठेवला. खोटं सांगत नाही, ठेवला. भिंतीपलीकडं ज्वाराच्या थडग्याचा दगड भिजून काळा झालेला दिसत होता. चाळीस वर्षांत न टाकलेला पाय, मी मागं घेतला.

भिंतीच्या आडोशाला, तोंडाशी रोवलेल्या खांबाला तिला बांधली. पाठीवर पोतं टाकलं, वर माझी घोंगडी. "झिझी येईलच आता," असं तिला सांगितलं. खोलीत तिला घेतली असती, पण दारातून माझंच अंग कसंबसं जातं, गाभण गाय कुठली जायची? दोनदा बाहेर जाऊन पाहून आले. तिसऱ्यांदा वाऱ्यानं दार उघडू दिलं नाही. मग चुलीशी बसल्या बसल्या मला झोप लागली. लागली, काय करू.

उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता. खांबाला हातभर दोर लोंबत होता, टोकाला पिंजलेला. घोंगडी खाली भिंतीत अडकलेली. वारा पाठीवर बसला की गुरं वाऱ्यापुढं चालायला लागतात. ती उतारानं आपल्या सोबतिणींकडं गेली असणार. खाली मळई नव्हतीच. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत तांबडं पाणी, नि त्यात झाडांचे नुसते शेंडे. मी हाका मारल्या. किती मारल्या माहीत नाही. घसा बसला तेव्हा कळलं.

रविवारी मखुसेलीचा फोन लागला.

"आई, ठीक आहेस ना? इथं बातम्यांत दाखवतायत."

"मी ठीक. न्कोने गेली."

"गेली म्हणजे? गोठ्यात नव्हती?"

सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, चार पावलं तर होती. कोण बघत होतं तिथं?"

"तुझा बाप."

"आई... बाबा गेलेत."

"मला सांगतोस? मीच पुरलंय." मी फोन ठेवला. मग वाटलं, ठेवायला नको होता. आठवड्यातून एकदाच तर वाजतो.

त्याच दिवशी झिझी आला, गुडघ्यापर्यंत चिखल. पूल बुडाला म्हणून दोन दिवस पलीकडं अडकला होता. दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, आत येईना.

"माडलोमो, मी येणारच होतो गं."

"माहीताय."

"तोलोला काय सांगणार?"

"कातडं शोधते आधी."

तो पायानं माती उकरत म्हणाला, "खालच्या पुलाशी मेलेल्या गुरांचा ढीग लागलाय म्हणतात. तपकिरी मिळेलच एखादी. म्हातारा अर्धा आंधळा झालाय. कान जरा वेडावाकडा कापला की..."

"झिझी, दूध संपलंय. जा घरी."

सोमवारी सुरी नि पोतं घेऊन निघाले. चार तास नदीकाठानं. कुंपणांच्या तारांत मेंढ्या अडकलेल्या, लोकर लोंबत होती. एका बाभळीत कुणाची तरी खुर्ची. वाटेत जो भेटेल त्याला विचारावं, पाठीवर पट्टा असलेली गाय पाहिली का? जो तो आपलं काही ना काही हुडकत होता. एक बाई तर माणूस हुडकत होती. तिला मी गाईचं विचारलं नाही.

पुलाशी पिवळं यंत्र खड्डा खणत होतं नि बाजूला गुरं रचलेली, पोटं फुगून पाय वर. वासानं डोकं दुखायला लागलं. यंत्रावरचा माणूस ओरडला, "आजी, लांब व्हा! चुना टाकून पुरायचीत ही."

"माझी गाय बघते, मग पुर."

ढिगाच्या कडेला ती दिसली. तपकिरी, चिखलाखाली पांढरा पट्टा, पोट एवढं मोठं. डाव्या कुशीवर पडलेली, डावा कान चिखलात. तिच्या मानेवर हात ठेवला नि रडले, यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मग डोळे पुसले, पदर खोचावा तशी घोंगडी कमरेला आवळली नि मागच्या पायापासून सुरी लावली. गार पडलेलं कातडं निघता निघत नाही. मूठ घालून सोलावं लागतं. तळव्याची जखम फाटली. एक अख्खा पाय सोलून झाला तेव्हा त्या माणसाला दया आली. त्यानं यंत्राच्या दातांनी तिचं डोकं अलगद उचलून दिलं.

डावा कान सबंध होता. एकही खाच नाही.

मी सुरी हातात धरून बसले. दुसऱ्या कुणाच्या तरी गाईसाठी रडून झालं होतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"माझी नाही."

"आजी, मेल्यावर सगळ्या सारख्याच. निम्मं सोललंत, आता घेऊन जा की. कोण बघतंय?"

जो तो मला तेच विचारत होता. खोटं कशाला, मी त्या कानाकडं बराच वेळ बघत बसले. हातात सुरी होती, दोन खाचा पाडायला कितीसा वेळ? पण चार वर्षं मी तो कान खाजवला होता. हा कान माझ्याकडून कापवेना. उठले, सुरी चिखलात पुसली नि रिकामं पोतं खांद्यावर टाकून परत फिरले.

मंगळवारी धारेवर गेले. तोलो उन्हाला गोठ्याच्या भिंतीशी बसला होता, गुडघ्यांवर कांबळं. मी बायकांनी बसायचं तिथं, लांब, खाली बसले. त्याचा थोरला, फिकिले, उभ्यानंच बघत होता.

"तोलो, न्कोने गेली. पोटातल्यासकट."

"कातडं?"

"नाही. पुलापर्यंत हुडकलं."

फिकिले हसला. "वा! कातडं नदीनं नेलं, नि गाय कुणी नेली? बाबा, मी सांगत होतो, बाईच्या घरी गाय ठेवू नका. शहरातल्या पोराला भाड्याला मदत झाली असेल."

मी घोंगडीतून तो हातभर दोर काढला नि पुढं सरकवला. तोलोनं चाचपून उचलला. पिंजलेलं टोक बोटांनी कितीतरी वेळ बघितलं.

"हे कुठं राहिलं होतं?"

"गोठ्याच्या खांबाला."

"आतून की बाहेरून?"

"बाहेरून."

"आणि झिझी?"

"मयतीला गेलेला. मयतीला माणूस जातोच. त्याच्यावर काही नाही. मी गोठ्याच्या तोंडापर्यंत आणली होती तिला. आत नेणारं कुणी नव्हतं नि मी गेले नाही. चूक म्हणाल तर चार पावलांची, ती माझी."

म्हातारा म्हणाला, "चोरी केलेली बाई आत्तापर्यंत झिझीला चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. फिकिले, हिला एक कालवड काढ. ती काळी."

"नको," मी म्हटलं. "माझ्या घरी संध्याकाळी वासे लावायला माणूस नाही. झिझी आज आहे, उद्या नाही. पुन्हा असाच वारा आला तर मी पुन्हा इथंच येऊन बसेन."

"माणूस नाही कसा? तू कोण आहेस?"

"बाबा!" फिकिले म्हणाला. "ज्वाराच्या गोठ्यात त्याची बायको? माझी आई जन्मात कधी आपल्या गोठ्यात शिरली नाही."

"नाही शिरली. सगळं गाव सांगेल." तोलोनं दोर गुंडाळायला घेतला. "तू खाणीवर होतास नि मी दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा रोज संध्याकाळी गुरं आत कोण घालत होतं रे? मला ऐकू यायचं. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. मला काही माहीत नाही."

फिकिलेच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिला विचारायचीही सोय नव्हती.

मी उतारानं खाली येताना मोठ्यानं रडले. गाईसाठी रडलेच, पण राग जास्त होता. म्हणजे ती चार पावलं बायका टाकतात! टाकतात नि पुरुष तोंड फिरवतात, आणि हे मला चाळीस वर्षांत एका बाईनं सांगितलं नाही. कशी सांगणार? मीही कुणाला सांगितलं नव्हतं, की त्या दुपारी उन्हात ज्वारानं तोंड फिरवलं होतं.

मी नको म्हटलं तरी तोलोनं कालवड धाडलीच, गुरुवारी झिझी ती घेऊन आला. काळीभोर, पट्टा नाही, कानाच्या खाचा ताज्या, नजर उर्मट. दिवसभर तिनं हंबरून डोकं उठवलं. संध्याकाळी दक्षिणेकडं पुन्हा ढग धरले. झिझी वासे काढायला निघाला.

"आज राहू दे," मी म्हटलं. "तू दूध पी नि घरी जा."

"दूध कुठंय?"

"मग नुसता घरी जा."

तो माझ्याकडं, मग गोठ्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघायला लागला. मग टोपी डोळ्यांवर ओढली नि वाटेला लागला. वळणापर्यंत त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

मी डोक्याचा रुमाल नीट बांधला, खांद्यांवर घोंगडी घेतली, नवी नवरी घेते तशी. चपला बाहेर काढल्या. वासे ओढले. कालवड तोंडाशी येऊन थांबली, अगदी न्कोनेसारखी. भिंतीपलीकडं त्याचा दगड दिसत होता.

"ज्वारा," मी म्हटलं, "तोंड फिरव तिकडं. मी आत येतेय."

चार नव्हती, सहा पावलं होती. कालवड मागोमाग आली.